शेपटीच्या फटीतला चिकटा

४ जानेवारी
आलो एकदाचे! खोली म्हणजे काड्यापेटी, पण हीटर दणदणीत आहे. ही खूश, म्हणजे मी सुटलो. उद्यापासून विमानतळावर मेकॅनिक. बर्फ धरू नये म्हणून उड्डाणाआधी पंखांवर आणि शेपटीवर घट्ट द्रव फवारायचा. मुख्य मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणतात. माणूस तिरसट, पण चहा पाजतो.

९ जानेवारी
उस्तादांनी आज नीट शिकवलं. शेपटीला हलती झडप असते, तिच्यामुळे विमानाचं नाक वर-खाली होतं. द्रव वाळला की झडपेच्या फटीत चिकटा साठतो. तो ओल पिऊन फुगतो आणि वर गेल्यावर दगडासारखा गोठतो. मग वैमानिकाने कितीही ओढलं तरी झडप हलत नाही. म्हणून दर आठवड्याला गरम पाण्याने धुवायचं. एक नंबरचं विमान मी स्वतः धुतलं.

१६ जानेवारी
पाणी तापवायची टाकी बंद पडली. तीन नंबरच्या फटीत बोट घातलं तर नखभर चिकटा निघाला. उस्ताद म्हणाले, उद्या धुऊ, आज धुतल्याची सही ठोक, नाहीतर विमान अडकेल आणि बोलणी मी खाईन. नवा माणूस मी, तोंड कुठे उघडणार? ठोकली.

१७ जानेवारी
टाकी बंदच. सासूबाईंचं ऑपरेशन ठरलंय. उद्या दोघं निघतोय, एक नंबरने.

१८ जानेवारी, विमानात
ऐन वेळी विमान बदललं. दार लागल्यावर पंखावरचा आकडा दिसला. तीन.
हवाईसुंदरीला म्हटलं, शेपूट तपासायला सांगा. ती विचारून आली, हसून म्हणाली, काळजी करू नका, धुतल्याची सही आहे. ती सही माझी, खोटी, हे सांगायला जीभच उचलली नाही. नोकरीचा विचार आला. लाज वाटते.
चाकं सुटली.

९.४०
आभाळ निरभ्र. तरी विमान झोके घेतंय — वर, खाली. मागचे काका म्हणतात, फुकटात झोपाळा. लोक हसले.

९.५५
झोके मोठे. आता सांगितलं, सगळं. हवाईसुंदरी पांढरीफटक पडली, आत धावली.
वैमानिक म्हणतात, खाली उबदार हवेत उतरतोय. पण खाली ऊब कुठली? सकाळी जमिनीवरच उणे बारा —

१०.०४
नाक खाली. उचलत नाही. आत दोघं वैमानिक मिळून ओढत असतील, आणि मी इथे पट्टा बांधून —
कुणी हसत नाही.
हिने सगळं ऐकलं. शिव्या दे म्हटलं, देत नाही. पेनाचा हात धरलाय. म्हणते, पुरे लिहिणं, माझ्याकडे बघ.
बघतो गं. फक्त एवढं —