देवळातला होकार

आक्का,

तुझ्यासमोर उभं राहून सांगायचा धीर होत नाही, म्हणून लिहून जातो. ज्या शेटच्या मोटारीनं तुझा पाय मोडला, त्यानं काल देवळात नारळ ठेवला. मानकरी गाऱ्हाणं घालत होते, सगळ्यांना सुखी ठेव, आंब्या-माडांना फळ दे, आणि आम्ही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. त्याच ओघात शेटचं आणि माझं नाव घेऊन ते म्हणाले, "ह्या मोटारीचा भांडाण आज हयसरच मिटान जाव दे रे म्हाराजा!" भांडण इथेच मिटवायच्या त्या मागण्यालाही सवयीनं माझ्या तोंडातून "व्हय म्हाराजा" गेलं. शेटनं लगेच मला हात जोडले, आणि भांडण मिटलं असं धरून सगळा गाव पांगला.

शिवणाचं मशीन पायानं चालवता येत नाही, तेव्हा पुरती भरपाई घेतल्याशिवाय शेटला सोडू नकोस, असं तू बजावलं होतंस. मी पहिल्या गाडीनं मालवणला वकिलाकडे जातो. होकार माझा होता, बहिणीचा नव्हे, असं सांगतो.

पेज चुलीवर झाकून ठेवली आहे.

गाऱ्हाण्यात शेटचं नाव आलं, माझं आलं. तुझं कुणीच घेतलं नाही गो. घरी येऊन तुझी काठी वाजलेली ऐकली, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

वासू