कलम नऊचा अडसर

तारकर्ली,
४ नोव्हेंबर २०२४

चि. अजयस,
मथुराताईचे अ. उ. आ. बडोद्यात सगळे खुशाल असाल. फोनवर आपल्या दोघांचाही आवाज लगेच चढतो, म्हणून पत्र लिहिते. पत्रात निदान माझं म्हणणं तू पुरतं ऐकशील.

मला त्र्याहत्तरावं लागलं. माझ्या माघारी आपल्या धाकट्या भावाचं, दत्तारामचं काय, हा एकच घोर आहे. एकसष्टाव्या वर्षीही त्याचं मन सात वर्षांच्या पोराचं. घर त्याच्या नावावर केलं, तर गोड बोलून कोणीही त्याचा अंगठा घेईल. गेल्या महिन्यात एक लॉजवाला चॉकलेटचा डबा घेऊन आलाच होता. दत्तूने डबा ठेवून घेतला आणि माणसाला वाटेला लावलं. पण दर वेळी असंच होईल कशावरून? म्हणून बाबांनी मला दिलेलं हे घर आणि माडांची बाग मी ट्रस्टमध्ये ठेवते आहे. राखायचं विश्वस्तांनी, उपभोगायचं दत्तूने. त्याच्या हयातीत घर विकायचं नाही, त्याला इथून हलवायचं नाही. विश्वस्त दोघी: तुझी भार्गवी, ती कणकवलीहून हाकेसरशी येते, आणि शेजारची जॉयसी, कारण दत्तू गोळ्या घेतो त्या फक्त तिच्या हातून.

गावात ट्रस्ट म्हटलं की देवस्थान. परवा दोघे जण विचारून गेले, मथुराबाय, मूर्ती खंयची बसवतास? दत्तूला मी सांगितलं की कागदात तू लाभार्थी आहेस, तर दुसऱ्या दिवशी स्वारी दोन फोटो आणि रेशनकार्ड घेऊन ग्रामपंचायतीच्या रांगेत उभी!

मसुदा सोबत आहे. नववं कलम दत्तूने स्वतः सांगितलंय, तुझ्याविषयी आहे, ते चुकवू नकोस. घर माझं असलं तरी तुझा होकार आल्याशिवाय मी सही करणार नाही.

माया आहे तशीच ठेव. राग आला तर तोही पाकिटात घालून पाठव.
मथुराताई

बडोदे,
१५ नोव्हेंबर २०२४

ती. मथुराताईस,
अजयचा सा. न. वि. वि. राग पाकिटात घालून पाठवायला सांगितलास. पाकीट फुगलं आहे, जपून फोड.

विश्वस्तांत माझं नाव नाही. दत्तूला खाडीत पोहायला शिकवलं मी, सायकलवर पुढे बसवून मालवणला नेलं मी. लेकीवर विश्वास आणि बापावर नाही? तेही गिळलं असतं. पण कलम नऊ! 'बंधू अजय घरी आल्यावर विश्वस्तांनी सर्वप्रथम अडसर काढावा.' दहादा वाचलं. चाळीस वर्षं परगावी राहिलो, गेली चार वर्षं तर फिरकलोच नाही, कबूल. पण म्हणून मी तुमच्या घराचा अडसर झालो? आणि तो काढायचा कोणी, तर माझ्याच मुलीने? हे दत्तूच्या डोक्यातलं नव्हे. कोणी भरवलं ते कळव.

घर मला नको होतं आणि नको आहे. पण त्या घरात मी नको, या वाक्याला होकार कसा देऊ? तुझी भावजय शर्मिष्ठा म्हणते, आधी फोन करून विचारा. मी करणार नाही.

लोभ उरला असेल तर असू दे. मी आग्रह धरत नाही.
अजय

तारकर्ली,
२२ नोव्हेंबर २०२४

चि. अजयस,
अ. उ. आ. तुझं पत्र जॉयसीला वाचून दाखवलं. हसून हसून ती पायरीवरच बसली. मलाही आधी हसू आलं आणि मग तुझी कीव.

अरे गाढवा, अडसर! लहानपणी माडाखाली उभा राहून कोण भोकाड पसरायचा, दत्तूक दोन अडसर आणि माका एकच? बडोद्यात शहाळं शहाळं म्हणत आपला शब्द सांडून बसलास.

वकिलाने विचारलं, तुमची काही इच्छा? दत्तू म्हणाला, अजय इलो की आधी अडसर काढूक होया. आमचा वकील दीपेश मूळचा सोलापूरकडचा. त्याला वाटलं, दाराचा अडसर. भाऊ आल्याबरोबर दार उघडा, असं सांगणारा भाऊ त्याने पाहिला नव्हता. डोळे पुसत त्याने तेच कागदावर उतरवलं. मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा मला कोवळा नारळच दिसला.

आता दुसरा राग. तू अडुसष्ट वर्षांचा. विश्वस्त दत्तूपेक्षा जास्त जगायला हवा, म्हणून भार्गवी. विश्वास नसता तर होकार कशाला मागितला असता?

दीपेश तिथे शहाळं लिहायला तयार आहे, पण दत्तू अडून बसलाय. शहाळी टुरिस्टांची, म्हणतो, भावाक अडसर.

लोभाचं म्हणशील, तर तो विहिरीकडच्या माडावर लटकतो आहे. येऊन घे.
मथुराताई

बडोदे,
२८ नोव्हेंबर २०२४

ती. मथुराताईस,
अजयचा सा. न. वि. वि. पत्र शर्मिष्ठाने मोठ्याने वाचलं. गाढवापाशी ती दोनदा थांबली.

माझा होकार. शब्द अडसरच ठेवा. पुढे हवं तर, म्हणजे कोवळा नारळ, एवढं जोडा. बडोद्याकडच्या अडाण्यांची सोय होईल. नोंदणीला साक्षीदार लागतात ना? एक सही माझी. आम्ही दोघं अकरा डिसेंबरला कणकवलीला उतरतो. भार्गवीला स्टेशनवर पाठव आणि तिला बजाव, कलम नऊ त्याच दिवसापासून लागू.

लोभ इतका झाला आहे की पाकिटात मावत नाही, घेऊनच येतो.
तुझा अजय

ता. क. दत्तूला सांग, कागदात माझंही नाव आहे, म्हणजे मीही लाभार्थीच. दोन फोटो आणतो आहे. रांगेत माझा नंबर धरून ठेव म्हणावं.