दरवाजा कोणी उघडला

लॉन्सेस्टन, १४ जून

प्रिय डेस,

खुशाल असशील. तुमच्या बर्नी गावात समुद्रावरून वारा सुटला की तुझा गुडघा धरतो, म्हणून आधी त्याची चौकशी करते. इकडे हिवाळा लागलाय, आठवडाभर सकाळी गवत गोठून पांढरं होतंय. मेबल बरी आहे. खाते, झोपते, शेपटी गुंडाळून शेकोटीपुढून हलत नाही.

‘दूरचं बंदर’ मालिकेचा नवा भाग लागल्यापासून आपल्या चाहत्यांच्या क्लबात दोन तट पडलेत. चाळीस वर्षं ज्यावर आपण भांडलो, ते त्यांनी एका तासात उरकलं. अवकाशयानावरची सतरा माणसं मेली, त्या दिवशी दरवाजा डॉक्टर ओरीननंच उघडला होता. तू आणि आयरीन म्हणायचात, यंत्र बिघडलं. मी म्हणायचे, मग डॉक्टरच्या डाव्या हातात मोजा का नव्हता? क्लबाच्या मार्चच्या अंकात मी हेच लिहिलं. आता अर्धे माझ्याबद्दल म्हणतात, ग्लेनिसला कोणीतरी आतून पटकथा पुरवली. उरलेले म्हणतात, हिच्यासारख्यांचं ऐकूनच लेखकांनी डॉक्टरचा बळी दिला. होबार्टच्या कॉलिननं फोन करून सांगितलं, यापुढे तो माझ्याकडे चहाला येणार नाही. तो कधी आला होता, हे मी विचारलं नाही.

तू हसशील म्हणून लिहिलं. मला हसू येत नाही.

माझ्या टपालपेटीत तीन चिठ्ठ्या आल्या. टाइप केलेल्या, तिकीट नसलेल्या, म्हणजे कोणीतरी स्वतः येऊन टाकलेल्या. पहिलीत फक्त, ‘लिहिलेलं मागे घे.’ दुसरीत मी गुरुवारी किती वाजता बाहेर पडते ते लिहिलं होतं. तेव्हापासून दिवसाही पडदे ओढून बसते. काल भर दुपारी मीटर बघणारा आला, तर दार उघडायचं सोडून मी मेबलला घेऊन न्हाणीघरात बसले, तो जाईपर्यंत.

शेवटी पोलिसांत गेले. तिथल्या तरुण बाईनं मालिका पाहिलेली नाही. टीव्हीवरच्या एका डॉक्टरसाठी कोणी असं करतं का, असं तिनं दोनदा विचारलं. मग तिसरी चिठ्ठी वाचली आणि पेन खाली ठेवलं. त्यात होतं, ‘तुझी कुत्री बहिरी आहे. मी आत आलो तरी ती भुंकणार नाही.’

“हे कोणाकोणाला माहीत आहे?” ती म्हणाली.

“शेजाऱ्यांना असेल,” मी म्हटलं.

शेजाऱ्यांना माहीत नाही, डेस. मी एकटी राहते, म्हणून कोणालाच सांगितलेलं नाही. जनावरांच्या दवाखान्यात ते कळलं, तेव्हा खोलीत तिथले डॉक्टर होते, मी होते आणि तू होतास. तुझ्याच गाडीतून आपण गेलो होतो.

फेब्रुवारीत तुझी आयरीन गेली. तिनं स्वतः शिवलेल्या डॉक्टर ओरीनच्या निळ्या पोशाखातच तू तिला पुरलंस. गळ्याशी बटण लागत नव्हतं, ते मी लावलं. आणि पाच आठवड्यांनी डॉक्टर खुनी आहे असं चार पानं छापून तुझ्या घरी पाठवलं. मला थांबता आलं असतं. पण नवा भाग येण्याआधी ते माझ्या नावावर लागायला हवं होतं. एवढंच कारण. तू बोलणं टाकलंस, तेव्हा का ते मला कळलं होतं, तरी मी तुला फोन केला नाही.

लिहिलेलं मागे घेणार नाही. त्या पाच आठवड्यांची मात्र माफी मागते, आयरीनचीही.

पण मला तुझी भीती वाटते. चाळीस वर्षांत हे वाक्य कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. मागच्या दाराची किल्ली तुझ्याकडे आहे. कुलूपवाला आत्ताच कुलूप बदलून गेला. तुला हे सांगायला नको होतं कदाचित. पण तू दाराशी उभा राहून जुनी किल्ली फिरवत राहशील, ते ऐकवणार नाही मला.

तेवीस तारखेला, सोमवारी दहा वाजता, मला पुन्हा ठाण्यात बोलावलंय. मी अजून तुझं नाव घेतलेलं नाही. त्याआधी ये. दिवसा ये, पुढच्या दारानं ये, आणि ‘मी नाही’ म्हण, किंवा ‘हो, मीच’ म्हण. मी शेजारच्या बाईंना सोबत बसवणार आहे, त्याचा राग मानू नकोस. आला नाहीस तर मला तिथे खरं सांगावं लागेल.

सोमवारी दहापर्यंत तुझीच,
ग्लेनिस