दुप्पट पाऊस

सिल्वासा,
१२ फेब्रुवारी २०२५

ती. झुंबरदाजींना रघुनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

गुडघा कसा आहे? तुम्ही फोन लावता आणि मी उचलत नाही, म्हणून रागावला असाल. रागवा. फोनवर तुम्ही "काय शालकबुवा!" म्हणून हसायला लागता आणि मला बोलायचं ते बोलता येत नाही. म्हणून हे पत्र.

इथे बरं आहे. नळाला दोन वेळ पाणी येतं. केतकीचं कॉलेजात शिकवणं चालू आहे, शिवाय एक मोठा अभ्यास घेतलाय. आपल्या तालुक्यातल्या सगळ्या केंद्रांचे पावसाचे चाळीस वर्षांचे आकडे जमवून कुठल्या महसूल मंडळात दुष्काळ वाढत चाललाय ते ती शोधते. यंदा टंचाईची यादी नव्याने होणार, ती तिच्या अहवालावरून. परवा चहा घेताना म्हणाली, "बाबा, आपलं मंडळ बहुतेक यादीत येणार नाही. २०११ पासून तिथला पाऊस सुधारलाय. आणि तुमच्या नोंदी काय नीट आहेत हो! एक दिवस सुटलेला नाही!"

नाहीच सुटलेला. अंगात ताप असला तरी सकाळी साडेआठला मी पर्जन्यमापकापाशी हजर असायचो.

पण दाजी, पाऊस सुधारलेला नाही. २०११ साली मापाचा ग्लास माझ्या हातून फुटला. नवा मागवायचा तर महिने गेले असते, म्हणून दुसऱ्या केंद्रात जादा पडलेला ग्लास मी उचलून आणला. तिथलं पाऊस धरायचं भांडं लहान तोंडाचं, आपलं त्याच्या दुप्पट, आणि ग्लासवरच्या खुणा त्या लहान भांड्याच्या हिशोबाने. त्या ग्लासात आपलं पाणी ओतलं की दहा मिलिमीटरचे वीस दिसायचे. मला हे कळलंच नाही.

तुम्हाला मात्र शंका आली होती. २०१५ च्या जुलैत बाजरीच्या वावरातली मूठभर माती घेऊन तुम्ही आलात आणि चारचौघांत म्हणालात, "शालकबुवा, बोटभर ओल नाही अन् तुमचा फळा साठ मिलिमीटर म्हणतो? त्या भांड्यात रात्री मुततं तरी कोण?" सगळे खो खो हसले. मी चिडून तुम्हाला अडाणी म्हणालो.

वर "कळलंच नाही" असं लिहिलंय ना, ते खोटं आहे. खोडत नाही, राहू द्या तसंच. तुम्ही गेल्यावर मी ग्लास उजेडात धरला. त्यावर बारीक अक्षरांत भांड्याचं माप छापलेलं होतं. त्याच दिवशी मला सगळं कळलं. दुष्काळाची यादी व्हायला तीन महिने होते. एक साधा अर्ज लिहायचा होता, दाजी. चार वर्षांचे आकडे चुकले म्हणून नोकरी जाईल, या भीतीने मी गप्प बसलो. आपलं मंडळ यादीत आलं नाही, टँकर दुसरीकडे गेले, आणि पुढच्या एप्रिलात मंगलाताई तळ गाठलेल्या विहिरीत घागर घेऊन उतरली.

त्यानंतरही मी ग्लास बदलला नाही. एकदम निम्मा पाऊस दिसला असता तर कुणीतरी विचारलं असतं ना! रिटायर झालो तेव्हा तोच ग्लास पुढच्या माणसाच्या हातात दिला. अजून त्यानेच मोजतात.

ताईच्या तेराव्याला तुम्ही मला पोटाशी धरून म्हणालात, "पाऊसच वैरी निघाला रे, तू नको रडू." मी त्या मिठीत उभा राहिलो. एवढा हलकट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

काल केतकीला सगळं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "टँकर आला असता तर आत्या विहिरीत उतरली असती का?" नाही म्हणालो. ती उठून आत गेली.

आकडे दुरुस्त करायला लेखी जबाब लागतात. माझा मी दिलाय. दुसरा गावातल्या जाणत्या शेतकऱ्याचा हवा, तो तुम्ही द्या. माझी कीव करून काहीही वगळू नका, नावासकट लिहा. या उन्हाळ्यातही टँकर आला नाही तर कुणाची तरी लेकसून त्या विहिरीच्या पायऱ्या उतरेल.

अजून एक. तुमची रोशनी राखोलीच्या फॅक्टरीत लागल्यापासून दर रविवारी आमच्याकडे जेवायला येते. हसली की थेट ताई दिसते. मामा मामा करत भाजी आग्रहाने माझ्याच ताटात वाढते. तिला मी काही बोललो नाही. आधी तुम्हाला कळायला हवं, मग तिला तुम्ही सांगा. येत्या रविवारी मी तिचं ताट मांडून ठेवीन. ती आली नाही, तर पत्र पोचलं असं समजेन.

मंगलाताईचा भाऊ,
रघुनाथ