डांबरावर अडलेली गाडी

प्रिय अहो,

हाताचं ग्रीस अजून निघालं नाही, तरी लिहायला बसले. राहवतच नाही! तुमची गाडी का मोडली, ते आज दुपारी कळलं. रफिकभाईंच्या वेल्डिंगने मोडली नव्हती हो. ऐकताय ना?

आधी माझ्यावर रागावून घ्या. गाडी मी भंगारात काढली होती. तुम्हाला जाऊन वर्ष झालं आणि ती अंगणात ताडपत्रीखाली तशीच उभी. येता-जाता दिसायची, आणि दिसली की तुमचं नि रफिकभाईंचं भांडण आठवायचं. किती सोसायचं माणसाने?

तुमचं खूळ तरी काय कमी होतं! ऑफिसला नेणारी साधी सेडान, पुढच्या दोन चाकांवर चालणारी. तिच्या चारही चाकांना ताकद द्यायची, वर टर्बोचं इंजिन बसवायचं! मी म्हटलं, "आपल्या एवढ्याशा नेरमध्ये शर्यत लावायची तरी कोणाशी?" तर तुम्ही म्हणालात, "तुले नाही समजत त्यातलं." खरंच समजत नव्हतं. पण ऑफिस सुटलं की तुम्ही थेट रफिकभाईंच्या गॅरेजमध्ये जायचात आणि नव्या नवरदेवासारखे हसत घरी यायचात. म्हणून मी गप्प बसले.

तुम्ही दोघांनी गाडीचा तळ कापला, मागच्या चाकांपर्यंत शाफ्ट नेला. पुढच्या चाकांचा अ‍ॅक्सल एका मोडक्या जीपचा, मागच्या चाकांचा दुसऱ्या जीपचा. मॉडेल मात्र एकच. "एका आईची लेकरं आहेत, जुळतेच," असं तुम्हीच म्हणाला होतात ना?

आणि गॅरेजमागच्या वावरात ती काय पळायची! ट्रॅक्टर फसेल अशा काळ्या चिखलातून ती सरसर निघायची आणि रफिकभाई खांद्यावरचा दुपट्टा काढून हवेत फिरवायचे. तुम्हा दोघांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं.

मग तो दिवस. चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, आणि गाडी पहिल्यांदा डांबरी रस्त्यावर आली. आली आणि हिसके द्यायला लागली. तुम्ही आणखी जोर दिलात. खालून असा आवाज झाला की माझ्या हातातला प्रसाद सांडला.

खाली वाकून पाहायचं तरी होतं! तुम्ही उतरलात ते ओरडतच. "तुही वेल्डिंग गेली, रफिक! हात कापते काय बे तुहा?" सगळ्या गर्दीसमोर. मग त्यांना गाडी उघडूही दिली नाहीत. नेरमध्ये गोष्ट पसरायला वेळ लागतो का? ट्रॉल्या, नांगर वेल्डिंगला आणणारे दुसरीकडे जायला लागले. रफिकभाईंनी वेल्डिंगची मशीन झाकून ठेवली आणि पंक्चर काढत बसले. तुमच्या एका वाक्याने हे झालं हो. तुमच्या डोक्यावर बर्फ ठेवायला मी कुठं कुठं पुरणार होते?

पुढे तुम्हाला झटका आला आणि वाचाच गेली. दवाखान्यात दाराकडे बघत राहायचात. मला कळत होतं कोणाची वाट बघताय. निरोप पाठवला, ते आले नाहीत. फार राग आला होता मला त्यांचा.

आज सकाळी भंगारवाला गाडी कापायला आला, तर खबर लागून मागोमाग रफिकभाई धावत आले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा आपल्या फाटकात.

"भाभी, कापाच्या आधी मले एकदा पाहू द्या. माही वेल्डिंग कुठं तुटली, तेवढंच पाहू द्या."

भंगारवाल्याला मी थांबवलं. रफिकभाईंनी गाडीखाली जाऊन एकेक सांधा बोटाने चाचपला. मग म्हणाले, "भाभी, वेल्डिंग तं जशीच्या तशी आहे. मंग तुटलं काय?"

पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारा मधला गिअरचा डबा फुटला होता. तो का फुटला, म्हणून त्यांनी पुढचं-मागचं सगळं खोललं. मी पाने-पक्कड देत होते, दिवा धरत होते. शेवटी चाकं फिरवणारी, दोन्ही अ‍ॅक्सलमधली दातेरी चक्रं काढून त्यांनी फरशीवर शेजारी ठेवली आणि मला दात मोजायला लावले. सारखे नव्हते! मॉडेल एकच, पण एक जीप पेट्रोलची होती, एक डिझेलची, म्हणून दात वेगळे. पुढची चाकं एका चालीची, मागची दुसऱ्या. एक बैल लांब पाऊल टाकतो, दुसरा आखूड, आणि जू मधल्यामध्ये मोडतं. चिखलात चाकं घसरायची, म्हणून फरक खपून जायचा. डांबर कशाला खपवून घेतं?

रफिकभाई तिथेच खाली बसले. "म्हंजे माह्या हातानं नाही झालं?" लहान लेकरासारखे विचारत होते. मग रडले, मीही रडले.

म्हटलं, "मग दवाखान्यात काहून नाही आले?"

"कोन्या तोंडानं येऊ, भाभी? मले वाटे, माह्याच कामाच्या टेन्शननं भाऊले झटका आला."

बघा! वर्षभर हा माणूस हे ओझं घेऊन फिरत होता. मी सांगितलं, झटका बीपीचा होता, गोळ्या तुम्ही चुकवायचात. (चुकवायचातच! खोटं आहे का?) छातीवरचा धोंडा उतरला हो, त्यांच्याही आणि माझ्याही. तुमच्या वतीने मी माफी मागितली. ते म्हणाले, "भाऊचं काय चुकलं? आवाज आला तवा मलेही तेच वाटलं."

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. जुळणारं चक्र आणि दुसरा डबा रफिकभाई शोधून आणतील. आरटीओची परवानगी मिळेपर्यंत गाडी वावरातच चालेल, आणि चालवतील तेच. मी शेजारी बसेन.

आणि एक वचन देते. गाडी कोणी बनवली असं नेरमध्ये कोणीही विचारलं, तर चारचौघांत मोठ्याने पहिलं नाव रफिकभाईंचं घेईन. त्यानंतर तुमचं. उखाण्याबाहेर जन्मात कधी घेतलं नाही ते तुमचं नाव, उखाण्याशिवाय, जसंच्या तसं.

तुमचीच,
सुमन