एक नंबरचा बिल्ला

५ नोव्हेंबर १९९८, कोल्हापूर
मेडिकलची मुलं नेपाळला आरोग्य शिबिराला निघाली. सोबत एक पोक्त माणूस हवा, म्हणून कॉलेजनं मला गाठलं. निवड योग्य. वार्ताहर असल्यानं बातमीही होईल. संस्कृत येतं, म्हणजे नेपाळी आल्यातच जमा.
संकल्प: मितभाषण, मिताहार, आत्मस्तुती वर्ज्य.
रांगेचं खातं माझ्याकडे. जोतिबावर हंबीररावांचा चप्पल स्टँड आहे, त्यांचे पितळी बिल्ले मागून आणले. नंबराप्रमाणे पेशंट आत. कल्पना माझीच (ही आत्मस्तुती नव्हे, वस्तुस्थिती). हंबीरराव म्हणाले, "शास्त्री, एक जरी हरवला तर माणूस अनवाणी जातंय. ध्यानात ठेवा."

११ नोव्हेंबर, नेपाळ, डोंगरातलं गाव
माझ्या नेपाळीला लोक हसतात. प्रेमानं असावं. तूर्त इथल्या शाळेच्या मास्तरांमार्फत बोलतो. बिल्ले मात्र हिट. मुलांपैकी विजयसिंहाला दारावर बसवून नियम घालून दिला: बिल्ल्याशिवाय कुणालाही सोडायचं नाही, साक्षात मंत्री आला तरी.

१२ नोव्हेंबर, दुपार
वरच्या गावातून एक आजी पहाटे निघून आत्ता पोचली. गळ्याला लिंबाएवढी गाठ, घास उतरत नाही. आजचे नंबर संपलेले. उद्याचा एक नंबरचा बिल्ला तिच्या हातावर ठेवला. मास्तरांकरवी सांगितलं, उद्या पहिली तूच. उद्या शेवटचा दिवस. गाठ वाईट निघाली, तर दुपारच्या आमच्या जीपमधूनच तिला शहरातल्या इस्पितळात न्यायचं. शब्द दिला.

संध्याकाळ
मिताहार आजपुरता स्थगित. गावाला तांबडा रस्सा खिलवणार, मसाला घरून आणलाय. मुलांची लीडर पवित्रा म्हणाली, "सर, ह्यांना झेपायचं न्हाय. तुम्हालाच कुठं झेपतंय?" पोरगी हुशार, पण दृष्टी संकुचित.
आजीनं रस्सा घेतला नाही. घासच उतरत नाही.

१३ नोव्हेंबर
सकाळी अर्धा गाव पोट धरून रांगेत. मीही. उभं राहवेना. दाराशी आजी बसलेली, मुठीत बिल्ला. माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि बिल्ला माझ्या हातात दिला.
नको म्हणायचं होतं.
आत गेलो.

दुपार
सलाइन संपलं तेव्हा जीप भरत होती. आजी कुठं, विचारलं. विजयसिंह म्हणाला, "ती गाठवाली? तिच्याकडं बिल्ला न्हवता. मागं बसवली. तुम्हीच सांगितलंतासा की." पोटदुखीवाल्यांतच सकाळ गेली, उजेडी घर गाठायचं म्हणून ती उठून गेली. पवित्रानं जीपमध्ये मला खिडकीची जागा दिली, वारं लागावं म्हणून.

१५ नोव्हेंबर, गोरखपूर स्टेशन
बातमी फॅक्स केली. मथळा: 'नेपाळात कोल्हापूरचा ठसा'. तपशील मोघम ठेवला. जागेची मर्यादा.

२२ नोव्हेंबर, रविवार, जोतिबा
बिल्ले परत केले. हंबीररावांनी बातमी वाचलेली, चहा मागवला. बिल्ले मोजले. एक नंबरचा माझ्या खिशात राहिला होता, तोही काढून दिला.
"ह्यो कुणाला दिलतासा?"
म्हणालो, एका म्हातारीला.
हंबीररावांनी तो धोतराला पुसून खिळ्याला अडकवला. म्हणाले, "बिल्ला माघारी आला न्हवं, मग तिचं काम झालं."
मी व्हय म्हणालो.