रस्ता सांगायची ओळ

सोम. १५ फेब्रु. १९९९

बर्वेंनी आज सांगून टाकलं. एक एप्रिलपासून आपला प्रत्येक डबा लिनक्सच्या नव्या कर्नलवर, टू-टू वर निघणार, जुना टू-झीरो बंद. म्हणजे पुस्तकही नवं हवं, आणि ते मी करायचं. "चारू, टू-झीरो आहे तिथे टू-टू घाल, की झालं." की झालं म्हणे. बल्ब बदलायचाय का? कारखान्यातल्या टाक्यांची पातळी कंट्रोल रूमला कळवायची, एवढंच त्या डब्याचं काम. पण तो चालू कसा करायचा ते ज्या पुस्तकात लिहिलंय ते खरे सरांचं आहे, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. डब्यात लिनक्स घालायचा हट्टही सरांचाच होता.

नोव्हेंबरात सरांना स्ट्रोक आला. आता हळूहळू चालतात. उजवा हात कामातून गेलाय. बोलणं गेलं ते गेलंच. समजतं सगळं, शब्द तेवढा येत नाही. मालक म्हणून बर्वेंनी जागा ठेवलीय त्यांची, मार्चअखेरपर्यंत. खुर्ची तशीच आहे. तिच्यावर प्रिंटरच्या कागदाचे गठ्ठे रचलेत कुणीतरी. उचलून खाली ठेवले.

गुरु. १८ फेब्रु.

तीन प्रकरणं झाली. चौथ्यात अडकले.

टू-झीरोत डब्याला त्याचा पत्ता दिला की पुढच्या ओळीत त्याच्याच नेटवर्कचा रस्ताही सांगावा लागायचा. राउट ॲड, डॅश नेट, वगैरे. स्वतःच्याच गल्लीचा रस्ता, पण सांगितल्याशिवाय कळायचं नाही त्याला. टू-टू ला ते आपोआप कळतं. आपल्या जुन्या पद्धतीने सांगायला गेलं तर उलट एरर फेकतो. म्हणजे ती ओळ गेली, आणि त्या ओळीवरचं सरांचं अख्खं पान गेलं.

सरांनी तिथे ठळक अक्षरात लिहिलंय, ही ओळ गाळू नका. गाळलीत तर डबा सुरू झालेला दिसेल, पण तो कुणाशीही बोलणार नाही. आणि खाली बारीक अक्षरात, गाळलीत तर मला कळेल.

पुसलं. चहा प्यायले. परत आणलं. परत पुसलं. साडेपाचला सरळ घरी निघून आले. आई म्हणाली, चेहरा का असा? म्हटलं, ऊन लागलं.

रवि. २१ फेब्रु.

कल्याणला सरांकडे गेलेले. पारनाक्याशी रिक्षा सोडली, तिथून चालत. मंगलवहिनी दारातच. शाळेतून लांब रजा घेतलीय त्यांनी. तिसरी-चौथीच्या बाई, पंचवीस वर्षं मुलांना वाचायला शिकवलं, आता घरात एकच विद्यार्थी, असं स्वतःच म्हणतात आणि हसतात.

स्पीच थेरपीच्या बाईंनी सांगितलं होतं, तोंडात बसलेलं काहीतरी म्हणून घ्या. रामरक्षा झाली, पाढे झाले, पेपर झाला. काही नाही. मग एक दिवस वहिनींनी वैतागून त्यांचंच पुस्तक त्यांच्या पुढ्यात टाकलं, आणि सरांनी एक ओळ सबंध वाचली. तेव्हापासून रोज सकाळी तासभर पुस्तक. वहिनींना त्यातलं ओ की ठो कळत नाही. सर म्हणतील तसं दुरेघी वहीत मराठीतून लिहून घेतलंय, बाईंच्या अक्षरात, काना-मात्रा शुद्ध. वहिनी ओळीचा पहिला शब्द म्हणतात, सर पुढची पुरी करतात.

"मला अजून मंगल म्हणत नाहीत," वहिनी म्हणाल्या. "पण हे बघ. राउट…"

"ॲड, डॅश नेट," सर म्हणाले. स्वच्छ. मग आकडे, एकेक करून, न चुकता. आणि माझ्याकडे बघितलं. ऑफिसात बघायचे तसंच, बरोबर आहे ना, असं.

बरोबर सर, म्हटलं.

पुस्तक बदलतंय हे नाही सांगितलं. पुढच्या खेपेला सांगू.

बुध. २४ फेब्रु.

बर्वेंनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, मी काही राक्षस नाही चारू. मार्चअखेरीला सरांना एक दिवस इथे आणू. नवं पुस्तक समोर ठेवायचं आणि त्यातलं बघून डबा सुरू करायचा, एका हाताने, बोलले नाहीत तरी चालेल. जमलं तर पुस्तकाचं काम कायम त्यांच्याकडे, घरी बसून करू देत. नाही जमलं तर मग… "तू त्यांना नवी पानं आधीच नेऊन दे. तयारी होईल."

बरोबरच आहे त्यांचं. राग कुणावर काढावा तेही कळत नाही.

वहिनींना फोन केला. एक दिवस ऑफिसात यायचंय आणि पुस्तकातलंच करून दाखवायचंय, एवढं सांगितलं. त्यांना इतका आनंद झाला की पुढचं बोलायचं राहून गेलं. राहून गेलं कसलं, मीच ठेवला फोन.

रवि. ७ मार्च

नवी चौथ्या प्रकरणाची पानं पर्समध्ये घालून गेले. तशीच परत घेऊन आले.

कारण सरांनी आज अख्खं प्रकरण एकट्याने म्हटलं. वहिनींनी पहिला शब्दसुद्धा नाही दिला. रस्त्याच्या ओळीला आल्यावर डाव्या हाताचं बोट वर केलं, गाळू नका म्हणून, आणि मग म्हणाले ती ओळ. शेजारच्या कुलकर्णीणबाईंना ऐकायला बोलावलेलं वहिनींनी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मला साजूक तुपातला शिरा.

तो शिरा खाता खाता कसं सांगू की ही ओळ मी अडीच आठवड्यांपूर्वी पुसली? भीड पडली. निघताना वहिनी म्हणाल्या, तुझ्यामुळे धीर आहे गं आम्हाला.

आई म्हणते, आजच सांगायचं होतंस, जितके दिवस घालवशील तितकं जास्त लागेल त्यांना. आईला सांगायला काय जातंय. पण खरं आहे.

मंगळ. १६ मार्च

पुस्तक झालं. सरांची परीक्षा २६ तारखेला, शुक्रवारी.

बर्वेंनी चाळलं, खूश झाले. "किती सुटसुटीत झालंय. ते खरेंचं मधेमधे बोलणं फार होतं." सर त्यातून गेले म्हणून सुटसुटीत झालंय, हे ओठांवर आलेलं. गिळलं. कव्हरवर सुधारणा म्हणून माझं नाव घातलंय, सरांचं मूळ लेखन म्हणून खाली, बारीक टायपात. टाईप मी नाही निवडला. बदलायला सांगितलाही नाही.

गुरु. १८ मार्च, पाडवा

श्रीखंडाचा डबा आणि नव्या पुस्तकाची प्रिंटरवर काढलेली प्रत घेऊन गेले. आज सांगितल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून.

वहिनींनी हौसेने पुस्तक घेतलं, त्यांची वही शेजारी ठेवली आणि बोट लावून एकेक ओळ ताडून बघायला लागल्या, पेपर तपासतात तशा. चौथ्या प्रकरणात बोट थांबलं.

"राउट ॲड नाहीये इथे. छापायचं राहिलं का?"

सांगितलं. सगळं.

"तुला कधीपासून माहितेय?"

"फेब्रुवारीपासून."

पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं त्यांनी. "म्हणजे महिनाभर मी त्यांच्याकडून चुकीचं घोकून घेत होते."

चुकीचं नाही वहिनी, जुनं आहे, म्हटलं. माझं मलाच ऐकवेना.

"पुढच्या शुक्रवारी चालणार आहे का ते?"

नाही, म्हटलं.

मग वहिनींनी नवं पान सरांपुढे धरलं. सरांनी पत्त्याची ओळ वाचली. पुढची ओळ वाचायच्या आधी थांबले, दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि जुनी ओळ म्हणाले. वहिनींनी बोट उचलून खालच्या ओळीवर ठेवलं. परत वर. परत जुनी ओळ. पाच-सहा वेळा झालं. मग सरांनी तोंड फिरवलं. वहिनी म्हणाल्या, आज पुरे. मला की सरांना, कळलं नाही.

श्रीखंड तिथेच टेबलावर राहिलं. कुणी झाकणही नाही उघडलं.

मंगळ. २३ मार्च

वहिनींचा फोन ऑफिसात. जुनं सुटत नाही, नवं बसत नाही. काल तर पहिल्या ओळीलाही अडले, जी डिसेंबरपासून येत होती. "तुझ्यावर राग नाही चारू. पण शुक्रवारपर्यंत घरी येऊ नकोस."

बाथरूममध्ये जाऊन रडले. बाहेर आले तर बर्वे विचारतात, प्रुफं बघून झाली का. झाली म्हटलं.

पहिल्याच रविवारी सांगितलं असतं तर पाच आठवडे मिळाले असते त्यांना. पाच आठवड्यांत बसली असती नवी ओळ. मी दिले आठ दिवस. मला त्यांना दुखवायचं नव्हतं म्हणे. मला शिरा खायचा होता, आणि वहिनींनी चांगलं म्हणायला हवं होतं मला. दुसरं काही नाही.

शुक्र. २६ मार्च

लिहायचं नव्हतं. लिहिते.

सर आणि वहिनी कल्याणहून टॅक्सी करून आले. सरांना इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. नौपाड्यातला आमचा जिना अरुंद, एकेक पायरी घेत दहा मिनिटं लागली. खुर्ची मी सकाळीच पुसून ठेवलेली. बसल्यावर त्यांनी टेबलावरून हात फिरवला.

डबा समोर, स्क्रीन समोर, नवं पुस्तक उघडं. वहिनी मागे स्टुलावर, बर्वे दाराशी. सरांनी डाव्या हाताने, एका बोटाने सुरुवात केली. पहिलं प्रकरण झालं. दुसरं, तिसरं झालं. वहिनींचे ओठ हलत होते, आवाज नाही. मला वाटायला लागलं की होतंय. चौथ्यात पत्ता दिला. मग पुस्तकाकडे न बघताच रस्त्याची ओळ टाइप केली. पडद्यावर आलं, इनव्हॅलिड आर्ग्युमेंट.

परत केली. परत तेच. एकेक अक्षर बघून तिसऱ्यांदा केली.

"सर, ती ओळ सोडा, पुढे चला," बर्वे हळू म्हणाले. डबा तर केव्हाच बोलायला लागलेला, शेजारच्या मशीनवर त्याचे आकडे दिसत होते. त्याला त्या ओळीची गरजच नव्हती. सरांना ते दिसत नव्हतं. त्यांना एरर दिसत होती.

मग त्यांनी पुस्तक जवळ ओढलं. पान मागे केलं, पुढे केलं. त्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"कोणी काढलं?"

वहिनी ताडकन उठल्या. "हे वहीत नाहीये. चारू, हे वहीत नाहीये, हे त्यांचं त्यांनी म्हटलं." रडायलाच लागल्या. नोव्हेंबरपासून पहिलं स्वतःचं वाक्य.

मी काढलं सर, म्हटलं.

"कोणी काढलं?"

मी, सर.

अजून दोनदा विचारलं. दोनदा सांगितलं. त्यांना माझं ऐकू गेलं नाही का, पटलं नाही का, की तेवढेच दोन शब्द हाताशी आलेले, माहीत नाही. बर्वे खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "वहिनी, मी कळवतो." टॅक्सीपर्यंत सरांचा हात माझ्या हातात होता. काढून नाही घेतला त्यांनी.

सोम. २९ मार्च

बर्वेंना विचारलं. म्हणाले, "तीन प्रकरणं केली गं त्यांनी. पण अडल्यावर पुढे जाता यायला हवं ना." मग म्हणाले, एक तारखेला सांगतो. त्यांनाही सुचत नाहीये.

मी म्हटलं, चूक माझी होती, त्यांना पानं मी उशिरा दिली. अजून एक महिना द्या. हे आधी सांगायचं होतंस म्हणाले. सगळेच तेच म्हणतात मला.

मंगळ. ३० मार्च

पुस्तक छापायला गेलं.

दुपारी वहिनींचा फोन. आवाज मोकळा वाटला, खूप दिवसांनी. शुक्रवारपासून सर तेवढंच म्हणतायत. पेपर उचलला, कोणी काढलं. चष्मा हलवला, कोणी काढलं. दोरीवरचे कपडे काढले तरी तेच. "मी दर वेळी सांगते, मंगलनं काढलं हो. नाव मुद्दाम घालते. कधी ना कधी तोंडात बसेल."

बर्वेंनी अजून काही कळवलं नाही, म्हटलं.

"असू दे. रविवारी ये तू. तुलाही विचारतील. जितक्या वेळा विचारतील तितक्या वेळा सांगायचं, कंटाळायचं नाही. आणि नुसतं मी म्हणू नकोस. नाव सांग."

येते म्हटलं. अजून पाच दिवस आहेत.